आधी तेल, मग हवा

लग्न झाल्यावर पहिले दोन दिवस मला वाटत होतं, आमच्या ह्यांना बोलता येत नसावं. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांचा पाण्याचा पंप खडखडायला लागला, तेव्हा हे भिंतीला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय." माझ्या संसारातलं ह्यांचं ते पहिलं वाक्य. तेही माझ्याशी नव्हतं, भिंतीशी होतं. त्याला आता छत्तीस वर्षं झाली. बोलायचं ते यंत्रांशी आणि उरलंसुरलं माझ्याशी, असंच आमचं चालत आलंय.

हे हायड्रॉलिकचं काम करायचे. तेलाच्या दाबावर जे जे काही चालतं, गाड्या उचलायचे जॅक, पत्रा दाबायचे प्रेस, ते सगळं ह्यांच्याकडे यायचं. वर्कशॉप म्हणजे एका शटरची खोली. भिंतीवर बिस्किटांचे पत्र्याचे जुने डबे ओळीनं, प्रत्येकात एका मापाची रबरी सील. यंत्र चालू करून हे एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक पंपावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी चकार शब्द काढायचा नाही. एकदा मी दूध नासलं म्हणून सांगायला गेले, तर डोळे न उघडता एक बोट वर केलं. डॉक्टरसुद्धा पेशंटच्या बायकोला इतकं गप्प करत नाहीत.

यंत्राची ताकद गेली म्हणून कोणी आलं, की ह्यांचा क्रम ठरलेला असायचा. आधी तेल, मग हवा, मग जाळी, बाकीचं नंतर. म्हणजे टाकीत तेल पुरेसं आहे का ते बघायचं. त्यात हवा शिरून फेस होतोय का ते बघायचं. टाकीतून पंपाकडे तेल ज्या जाळीतून जातं, ती तुंबलीय का ते बघायचं. "ह्या तीन गोष्टी डोळ्यांना दिसतात," हे म्हणायचे. "लोक त्या सोडून आधी पंप उघडतात." नाचता येईना अंगण वाकडं, तसलंच ते. हा क्रम मी इतक्या वेळा ऐकलाय, की माझी शिलाई मशीन अडली तरी मी आधी तेल बघते.

माझा धाकटा भाऊ बारक्या. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि मी पंधराची. त्याचं नाक पुसण्यापासून सगळं मीच केलं. पुढे तो सहा फुटांचा झाला, दारातून वाकून यायला लागला, तरी बारक्याच राहिला. गावाच्या टोकाला लाकडाची वखार आहे, तिथे तो कुऱ्हाडीनं लाकूड फोडायचा. मग मालकांनी लाकूड फोडायचं मशीन आणलं आणि त्यावर ह्याला बसवलं. एक लांब लोखंडी पाट, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला दट्ट्या. ओंडका मध्ये ठेवायचा आणि दांडी खाली ओढायची, की दट्ट्या त्याला ढकलत ढकलत पाचरीवर नेतो. गाठीचं लाकूड, ज्याला कुऱ्हाडीनं अर्धा तास जायचा, ते पंधरा मोजायच्या आत कर्रकन उभं फाटायचं. बारक्या काम संपल्यावर त्या मशीनच्या टाकीवर थाप मारायचा, जनावराच्या पाठीवर मारतात तशी.

मशीनची देखभाल अर्थातच आमच्या ह्यांच्याकडे. आणि खरं सांगते, ह्या जगात हे जर कोणाशी आपण होऊन बोलले असतील, तर बारक्याशी. रविवारी तो जेवायला यायचा. "भावोजी, तेल तापलं की पातळ का होतं?" एवढं त्यानं विचारायचा अवकाश, की पानातलं निवून जायचं, पण ह्यांचं संपायचं नाही. बोटांनी टेबलावर नळ्या काढून दाखवायचे. मला हेवा वाटायचा. भावाचा वाटायचा का नवऱ्याचा, ते काही मला ठरवता आलं नाही.

आता एक नेलपॉलिशची गोष्ट सांगायला हवी. त्या मशीनवर एक स्क्रू असतो. तेलाचा दाब किती वाढू द्यायचा, ते त्यानं ठरतं. तो आवळला की मशीन जास्त ढकलतं, पण कधी तरी काहीतरी फुटतं. म्हणून हे तो एकदा बसवायचे आणि त्याच्या नटावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढायचे. कोणी स्क्रू फिरवला तर रेघ तुटते, लगेच कळतं. ती बाटली ह्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला आणली होती. मी दोनदा लावली. मग ती वर्कशॉपात गेली ती गेलीच.

चौदा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी ह्यांनी वखारीतल्या मशीनचं तेल बदललं. टाकी आतून पुसली, जाळी धुतली, नवं तेल भरलं. चार दिवसांनी निरोप आला, मशीनची ताकद जाते. सुरू केलं की अर्धा तास झकास चालतं, मग पाचर लाकडात निम्म्यावर अडकते, इंजिन कण्हतं, दट्ट्या पुढे सरकत नाही. बंद करून पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा जसंच्या तसं.

हे गेले. आणि आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेला क्रम ह्यांनी त्या दिवशी स्वतः मोडला. तेल? ते तर मीच बदललंय. जाळी? मीच धुतलीय. जे आपल्या हाताखालून गेलंय ते पुन्हा काय बघायचं! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पंपावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, कान लावला. पंप रडत होता. मग नजर स्क्रूवर गेली. लाल रेघ तुटलेली होती.

मी तिथे नव्हते. पण ह्यांनी आणि बारक्यानं मला हे वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि शब्दाला शब्द जुळला. वखारीतली माणसं गोळा झाली होती, मालक उभे होते.

"स्क्रूला हात कोणी लावला?" ह्यांनी विचारलं.

"मी लावला, भावोजी," बारक्या म्हणाला. "परवा पाचर अडकली, गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून अर्धा वेढा आवळून बघितला. फरक पडला नाही. मग होता तिथं परत आणला."

"आधी ताकद गेली, का आधी स्क्रू फिरवलास?"

"आधी ताकद गेली."

"सगळे असंच सांगतात," हे म्हणाले. मग मालकांकडे वळले. "दाब वाढवल्यामुळे पंप खाल्लाय. नवा बसवावा लागेल."

मालकांनी त्याच दिवशी बारक्याला मशीनवरून उतरवलं आणि पुन्हा हातात कुऱ्हाड दिली. तो कुऱ्हाड घेऊन ओंडक्यांकडे गेला. त्या रविवारी आमच्याकडे आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी त्याचं ताट वाढायला घ्यायची आणि परत फडताळात ठेवायची.

नवा पंप बसला. दोन दिवसांनी पुन्हा तोच निरोप, अर्ध्या तासानं ताकद जाते. हे ऐकलं तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. रविवारी वखार बंद असते. भर दुपारी हे मला घेऊन गेले, टॉर्च धरायला. सगळं तेल काढलं, टाकीचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात आत घातला. हात थांबला. मग हळूहळू बाहेर आला, आणि मुठीत एक तेलानं माखलेलं फडकं होतं.

ते मी लगेच ओळखलं. वर्कशॉपची फडकी मीच फाडून द्यायची, जुन्या कपड्यांची. ही आमच्या उशीची खोळ होती, निळ्या चौकड्यांची, एका कडेला माझीच वाकडी शिवण. टाकी पुसताना आत राहिली होती. तेल थंड असलं की तळाशी पडून राहायची. तेल फिरायला लागलं, पातळ झालं, की ओढली जाऊन जाळीवर चिकटायची, आणि पंपाला तेलच मिळायचं नाही. मशीन बंद केलं की सुटून परत तळाशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. आणि वळसा पडला माझ्या भावाला.

हे ते फडकं पिळत बसले. त्यातलं तेल केव्हाच निघून गेलं होतं, तरी पिळत होते. शेवटी म्हणाले, "त्याला मी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस."

मी म्हटलं, बरं. मला वाटलं उद्या सांगतील.

मालकांना ह्यांनी सांगितलं, "जाळी बदलली." काढलेला पंप वर्कशॉपात आणून उघडला. आतले दाते नव्यासारखे चकचकीत. तसाच बंद केला आणि सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. आठवड्यानं मी विचारलं, "सांगितलंत?" हे म्हणाले, "सांगतो." महिन्यानं विचारलं. "सांगतो." मग मी विचारायचं सोडलं.

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे मी सांगतेय ते नवरा म्हणून नाही. बारक्याच्या घरचा नळ गळत होता तर हा माणूस तो घरी नसताना जाऊन नळ बदलून आला. त्याची सायकल दुरुस्त केली, दाराची बिजागरी बसवली, माझ्या भावजयीला तंबी दिली की कोणी केलं ते बोलायचं नाही. हातानं जे जे करता येईल ते सगळं केलं. एक वाक्य तेवढं झालं नाही. गावात ह्यांचं नाव होतं ते शब्दावर. ह्यांनी पंप म्हटलं की पंप, लोक दुसऱ्याकडे विचारायला जात नसत. तो शब्द एकदा खोटा ठरला की काय राहतं, अशी भीती असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी झालीय हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि आम्ही रोज शेजारी शेजारी बसून जेवत होतो.

बारक्या माझ्याकडे यायचा, पण हे वर्कशॉपात असताना. ह्यांच्याशी एक शब्द नाही. "मी खोटं बोललो नव्हतो, ताई," एवढं एकदाच म्हणाला होता, पहिल्या वर्षी. त्याचा राग हा त्याचा आधार होता, हे मला तेव्हा कळलं नाही. सात वर्षं कुऱ्हाड मारून उजवा खांदा गेला. हात डोक्याच्या वर जाईना.

त्या हिवाळ्यात तो माझ्यासाठी जळणाची मोळी घेऊन आला. मागच्या पायरीवर बसला. मी चहा दिला. त्यानं कप डाव्या हातात धरला आणि एकदम म्हणाला, "ताई, एक विचारू? त्या मशीनमध्ये शेवटी काय निघालं होतं?"

इकडे आड, तिकडे विहीर. सात वर्षं तो हे विचारेल म्हणून मी घाबरत होते, आणि सात वर्षांत उत्तर मात्र तयार केलं नव्हतं. मला वाटलं, हे सांगणार आहेत ना, त्यांनी सांगावं. मला वाटलं, मी सांगितलं तर हा ह्यांचं तोंड पुन्हा कधी बघणार नाही. काय काय वाटलं ते आता आठवून आठवून सांगतेय. तेव्हा विचार करायला एका घोटाएवढा वेळ होता.

"पंपच होता रे," मी म्हणाले.

त्यानं कप पायरीवर ठेवला. मग डावा हात उजव्या खांद्याकडे गेला, सवयीनं.

"म्हणजे माझ्यामुळेच," तो म्हणाला. "सात वर्षं मी स्वतःला सांगत होतो, अर्ध्या वेढ्यानं काही होत नाही. होत असणार की. भावोजींचा कान काय चुकतोय?"

मला तेव्हाही बोलता आलं असतं. मी गॅस बघायला म्हणून आत गेले. गॅस बंदच होता. बाहेर आले तेव्हा तो उभा होता, चपला शोधत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते हात न धुता खुर्चीत बसले.

"बारक्या आला होता," हे म्हणाले.

"काय म्हणाला?"

"माफी मागून गेला."

"तुम्ही काय म्हणालात?"

ह्यांनी हाताचं तेल पँटला पुसलं. "म्हटलं, जाऊ दे. झालं गेलं."

बारक्या असं का म्हणाला, ते ह्यांनी मला विचारलं नाही. ती माफी तुम्ही कशी घेतलीत, ते मी ह्यांना विचारलं नाही. दोघंही मूग गिळून बसलो. ह्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही, मी केलं. केलं आणि नंतर ओकून टाकलं.

पुढची सहा वर्षं, काय सांगू, फार चांगली गेली. बारक्या पुन्हा रविवारी यायला लागला. पुन्हा टेबलावर बोटांनी नळ्या निघायला लागल्या. खांद्यामुळे कुऱ्हाड सुटली होती, पण मालकांना तो सोडायचा नव्हता. त्यांनी त्याला मुकादम केलं. दोघं हसायचे, आणि मी वाढता वाढता मनात म्हणायची, आता कशाला? जुळलंय ते जुळलंय, त्यात आता कशाला हात घालायचा? ज्याच्यावर आळ होता तोच मोकळा झाल्यासारखा हसत होता, आणि आम्ही दोघं ताटात बघत जेवत होतो.

गेल्या वर्षी तो गेला. वखारीच्या फाटकाशी उभा होता, तिथेच छाती धरून बसला. चोपन्न वर्षांचा.

पंधरा दिवसांनी त्याच्या वस्तू आणायला आम्ही दोघं वखारीत गेलो. निघताना ह्यांच्या हातात एक जड पिशवी होती. मी विचारलं नाही; छत्तीस वर्षांत मी न विचारायला शिकलेय. वखारीत लाकडाचा तोच ओला वास. मशीन तेच, रंग नवा दिलेला. मशीनवर आता एक तिशीचा मिशाळ माणूस असतो. त्यानं बारक्याचं जाकीट आणि टोपी आणून माझ्या हातात दिली. हे मशीनकडे बघत उभे होते. नटावर लाल रेघ होती, ताजी.

"मुकादमांनी शिकवलंय, काका," मिशाळ म्हणाला. "रोज सकाळी रेघ बघायची. ताकद गेली तर आधी तेल, मग हवा, मग जाळी. हे आमच्या भावोजींचं, असं म्हणायचे. आणि स्क्रूला हात लावायचा नाही. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी सांगायचे, मी एकदा अर्धा वेढा फिरवला आणि मालकांचा पंप खाल्ला, तुम्ही माझ्यासारखं करू नका."

हे ऐकून ह्यांनी पिशवी उघडली. वरच्या फळीवरचा तो पंप. त्यांनी तो मशीनच्या पाटावर ठेवला. ओंडके रचणारी दोघं-तिघं जवळ आली. खुर्चीतून मालक उठून आले, आता म्हातारे झालेत.

"हा तो पंप," हे म्हणाले. "ह्याला काही झालं नव्हतं. टाकीत फडकं राहिलं होतं. ते मी विसरलो होतो, आणि आळ त्याच्यावर घातला. बारक्यानं काही केलं नव्हतं. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय."

एवढं सलग बोललेलं मी ह्यांना बारक्याशिवाय कोणासमोर ऐकलं नव्हतं. मालक पंपाकडे बघत राहिले. मिशाळानं डोकं खाजवलं. त्याला खरंच कळत नव्हतं, त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं.

"पण काका," तो म्हणाला, "मग ते स्वतःच कसं सांगायचे माझी चूक म्हणून? नसलेली चूक माणूस अंगावर कशाला घेईल?"

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला ते कधीच विचारलं नव्हतं, आणि आताही तोंडानं विचारलं नाही.

माझ्या हातात बारक्याचं जाकीट होतं. उजवा खांदा विरलेला.

"मी सांगितलं होतं त्याला," मी म्हणाले. "त्यानं मला विचारलं होतं, काय निघालं म्हणून. मला फडकं माहीत होतं. मी पंप सांगितलं."

हे खाली बघत होते. एवढंच बोलायचं होतं. सहा वर्षांपूर्वी, मागच्या पायरीवर, त्याच्या हातातला चहा निवायच्या आत बोलून झालं असतं.